रावसाहेबांचा भोवरा

सुरुचीने जांभई दिली. जांभईचं तसं काही नाही. चौदा वर्षांची मुलगी, एप्रिल महिना, परीक्षा नुकतीच संपलेली, बेकरीतला पंखा नावापुरता फिरणारा, अशात माणूस जांभई देणारच. पण तिने ती लपवली. ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग डाव्या हाताची मूठ तोंडापुढे नेऊन तिने खोकल्यासारखं काहीतरी केलं. सुदर्शनने ते पाहिलं. बापासमोर कोणी जांभई लपवत नाही. बापासमोर आ वासून, आवाज काढून, हात ताणून जांभई द्यायची असते आणि बापाने म्हणायचं असतं, तोंडावर हात ठेव गं. जांभई लपवतात ती परक्यांपुढे. आईबरोबर लांबच्या नात्यातल्या कुणाकडे जावं लागतं, ते गृहस्थ आपल्या बढतीची हकीकत सांगत असतात, तेव्हा.

‘तुझी पाळी,’ ती म्हणाली.

दोघांच्या हातात व्हिडिओ गेमचा एकेक कन्सोल होता. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे, असा तो खेळ. चव्वेचाळिसाव्या वर्षी सुदर्शन तो मुलीकडून शिकला होता. त्याच्याकडे धड एकच प्राणी होता. राखाडी, गोल पोटाचा, पाण्यात राहणारा आणि मिशाळ. तो सुरुचीनेच त्याला पहिल्या दिवशी दिला आणि मिशांकडे बघून त्याचं नाव ‘रावसाहेब’ ठेवलं. सुदर्शनलाही मिशा आहेत, त्यामुळे त्यात टोमणा होता हे उघड आहे. तिचा लाडका प्राणी काट्यांचा, साळिंदराच्या जातीचा. त्याचं नाव ‘काटेकोर’. रावसाहेबांना चार विद्या येत. त्यातल्या तीन सुदर्शनने फारशा वापरल्या नाहीत. चौथी होती ती भोवरा. ती वापरली की समोरच्या प्राण्याभोवती पाणी गरगरू लागतं, आणि मग चार-पाच फेऱ्या त्या प्राण्याला मैदानातून माघारी बोलावता येत नाही. त्याच्याऐवजी दुसरा पाठवता येत नाही. प्रत्येक फेरीत त्याची ताकद थोडीथोडी कमी होते. एकदम नाही, मरत नाही, नुसता अडकून राहतो. खेळ जिंकायला ही विद्या काही कामाची नाही असं सुरुचीने त्याला तेव्हाच सांगितलं होतं. शिकलेले खेळाडू तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत म्हणे.

सुदर्शनला जिंकायचं नव्हतं. न्यायालयात समजुतीने जो कागद झाला त्यात भेटीची वेळ होती महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, अकरा ते एक. तनुजा, म्हणजे त्याची बायको, म्हणजे आता नव्हे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. तिथल्याच क्वार्टर्समध्ये त्या दोघी राहतात. ती अकराला सुरुचीला स्कूटरवरून सितारा बेकरीच्या दाराशी सोडते आणि एकला न्यायला येते. एकला म्हणजे एकला. पण तनुजाचा एक जुना दंडक आहे, हाती घेतलेलं अर्धं टाकायचं नाही. ताटात टाकायचं नाही, गणित अर्धं सोडायचं नाही, स्वेटर विणायला घेतला तर बाही लावूनच ठेवायचा. पहिल्या दिवशी एक वाजता ती आत आली, तेव्हा दोघांची लढत चालू होती. ती कन्सोलकडे बघून म्हणाली, ‘संपवून या. मी बाहेर आहे.’ आणि बाहेर उन्हात स्कूटरवर बसून राहिली. त्या दिवशी सुदर्शनला उमगलं. पाऊण वाजला की तो नवी लढत सुरू करायचा. भोवरा टाकायचा. भोवरा ओसरत आला की रावसाहेबांना एक फेरी विश्रांती, ताकद भरून घ्यायची, पुन्हा भोवरा. सुरुचीकडे एक हिरवा, वेलींचा प्राणी होता, तो एका फटक्यात रावसाहेबांना झोपवू शकला असता. पण काटेकोर अडकलेला असताना तिला तो बाहेर आणता येत नसे. एकचे सव्वा व्हायचे. कधी वीस मिनिटं. हे आपण चोरतो आहोत हे त्याला कळत होतं. चोरी करताना माणसाला जी लाज वाटते ती वाटत होती, आणि तरी पंधरवडाभर तो त्या वीस मिनिटांकडे डोळे लावून बसायचा.

तर आज एक वाजून बारा मिनिटं झाली होती, काटेकोर पाण्यात गरगरत होता, आणि सुरुचीने जांभई लपवली होती. त्याने भोवरा आवरता घेतला नाही, कारण तसं एकदम केलं असतं तर तिला कळलं असतं की त्याने पाहिलं. लढत आपल्या गतीने संपली. ती उठली, कन्सोल बॅगेत ठेवला, ‘येते बाबा,’ म्हणाली आणि गेली. बाहेर तनुजाने स्कूटर चालू करता करता त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एक प्रश्न होता, जो फेब्रुवारीपासून आहे.

काउंटरवरचे मकसूदभाई कप उचलायला आले. बेकरी त्यांच्या आजोबांनी काढलेली, आणि नाव त्यांच्या आजीचं. दोन वर्षं ते या बाप-लेकीला पाहत आलेत. पण कधी काही विचारलेलं नाही. चार पिढ्या पुण्यात काढलेल्या घरातला माणूस विचारत नाही, बोलून मोकळा होतो. ‘आज मस्कापाव तसाच राहिला की ताईंचा,’ ते म्हणाले. ‘आमचा पाव आवडेनासा झाला, का शहाण्या झाल्या?’

‘मोठी झाली,’ सुदर्शन म्हणाला.

‘होतात. त्यावर आपलं काही चालत नाही, साहेब.’

घरी जायला खडकीहून मनपाच्या थांब्यापर्यंत एक बस आणि तिथून धायरीला दुसरी. दुसऱ्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे ती मूठ होती. तो मनातल्या मनात पाठीमागे जाऊन इतर शनिवार तपासत होता. त्या वेळीही तिने जांभई लपवली होती का? दिवाळीत ती दोनदा घड्याळाकडे बघत होती, ते कशासाठी? जानेवारीत तिच्या वर्गातल्या दोन मुली बेकरीवरून गेल्या, तिने हात केला, त्या काहीतरी हसून बोलल्या आणि ती खाली बसली; तेव्हा त्याने विचारलं होतं, ‘जायचंय का तुला त्यांच्याबरोबर?’ ती म्हणाली होती, ‘नाही, चालू दे.’ चालू दे. किती समजूतदार. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते दोन शब्द आठवून त्याचे कान गरम झाले. पोरगी आपल्याला सांभाळून घेते आहे. दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्याला भेटायला जावं तशी ती येते आहे; दोन तास बसते, त्याला खेळायचं ते खेळू देते, आणि निघताना ‘येते’ म्हणते. आणि हा म्हातारा तिला वर वीस मिनिटं धरून ठेवतो.

धरून ठेवणं. हा शब्द आला आणि त्याला स्वयंपाकघराचं ते दार आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. ते दार कुठे गेलेलंच नव्हतं. क्वार्टरमधलं स्वयंपाकघर अरुंद, त्याला एकच दार. भांडण झालं की तनुजा बोलायची थांबायची. ओट्याकडे तोंड करून काहीतरी चिरत राहायची. आणि त्याला ते सहन व्हायचं नाही. वाशीमहून पुण्यात शिकायला आला तेव्हापासून त्याला न बोलणाऱ्या माणसांची भीती होती. वसतिगृहात त्याच्या बोलण्याला मुलं हसायची, म्हणून त्यानेच आधी बोलणं कमी केलं आणि मग इतरांचं न बोलणं त्याला अंगावर येऊ लागलं. तो त्या दारात जाऊन उभा राहायचा. दोन्ही हात चौकटीला. ‘उत्तर दे, मग जा.’ त्याने कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. तो नुसता उभा राहायचा. अर्धा तास, पाऊण तास. तनुजा म्हणायची, ‘बाजूला हो.’ तो म्हणायचा, ‘बोल, होतो.’ आपण प्रेमाने उभे आहोत, ती जाऊ नये म्हणून उभे आहोत, असं त्याला त्या वेळी खरोखर वाटायचं. एकदा नऊ वर्षांची सुरुची पाणी प्यायला आत आली होती आणि जाताना त्याच्या पायांमधून वाकून, हसत, निसटून गेली होती. तिला तो खेळ वाटला. तनुजाने ते पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. त्यानंतर चार महिन्यांनी तो धायरीला राहायला गेला.

घरी पोहोचला तर फोन वाजत होता. वाशीमहून आई. गोदाबाईंना दुसरा-चौथा शनिवार तोंडपाठ आहे, एकादशीइतकाच.

‘भेटली काय रे पोरगी?’

‘भेटली.’

‘काय बोलली?’

‘खेळलो आम्ही.’

‘खेळलो! अरे बोलासाठी धाडते ना ते तिले? दोन दोन घंटे नुसतं खेळासाठी लहान हायेस काय तू?’

‘आई, परीक्षा चांगली गेली म्हणाली.’

‘तिच्या बदलीचं काय झालं?’

‘बघतोय,’ सुदर्शन म्हणाला.

बघतोय म्हणजे बॅगेत ठेवलंय. तनुजाला नागपूरच्या पलीकडच्या कारखान्यात बढतीवर बदली मिळत होती. तिची आई तिकडेच, एकटी, गुडघ्यांनी घरात बसलेली. पण समजुतीच्या कागदात कलम होतं की वडिलांच्या लेखी संमतीशिवाय मुलीला पुण्याबाहेर राहायला नेता येणार नाही. फेब्रुवारीत तिने संमतीपत्र त्याच्या हातात दिलं आणि सरळ म्हणाली, ‘तुझी इच्छा नसेल तर तसं सांग. मी बदली नाकारीन, भांडणार नाही. पण लटकवून ठेवू नकोस.’ त्याने ते प्लॅस्टिकच्या फाइलीत घातलं आणि अडीच महिने लटकवून ठेवलं. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. यात एक गंमत होती, ती त्याला मधूनमधून जाणवायची आणि तोंड कडू व्हायचं: तो तिकडून पुण्यात आला, इथे नोकरी, लग्न, मूल सगळं झालं, आणि आता त्या दोघी तिकडे जाणार नि तो इथे राहणार. पुणं त्याचं कधीच नव्हतं. त्याचं म्हणण्यासारखं पुण्यात जे होतं ते महिन्यातून दोनदा सितारा बेकरीत येत होतं.

पुढचे दोन आठवडे त्याने जांभईबरोबर काढले. येरवड्याला त्याचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. विमा कंपन्यांच्या तक्रारी सोडवायचं काम, समोर दिवसभर पडदा. जेवायच्या सुट्टीत खिडकीतून तुरुंगाची लांब भिंत दिसते आणि तिच्या बाहेर कैद्यांच्या मुलाखतीला आलेली माणसं. पिशव्या घेऊन सावलीच्या बाजूने सरकत उभी असतात. सात वर्षं तो त्यांच्याकडे बघत डबा खात आलाय. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, त्या रांगेत मुलंही असतात. शाळेच्या गणवेशातली. कंटाळलेली, आईचा हात झटकणारी. मुलाखतीला येणाऱ्याने यायचंच असतं; त्याला आवडतं का हे कोण विचारतो? डबा तसाच बंद करून तो जागेवर आला आणि काही करायचं म्हणून त्याने फोनवर त्या खेळाचे नियम काढले. दोन वर्षं जी विद्या तो वापरत होता तिच्याबद्दल त्याने स्वतः कधीच काही वाचलं नव्हतं. तिथे खाली एक ओळ होती. भोवरा टाकणारा प्राणी स्वतः मैदानातून माघारी गेला तर भोवरा तिथल्या तिथे विरतो.

त्याने ती ओळ चार-पाच वेळा वाचली. म्हणजे समोरच्याला अडकवून ठेवायचं तर आपणही तिथेच उभं राहायचं. हलायचं नाही. रावसाहेब बिचारे दोन वर्षं त्या पाण्यासमोर उभे होते. त्याला हसू आलं, आणि हसता हसता असं एकटं वाटलं की शेजारच्या टेबलावरच्या मुलाने हेडफोन काढून ‘सर, ऑल ओके ना?’ म्हणून विचारलं. ‘ओके,’ तो म्हणाला. त्या क्षणी त्याचं ठरलं होतं. आपण दारातून बाजूला व्हायचं. तनुजासाठी ते जमलं नाही, निदान पोरीसाठी तरी जमावं. ठरल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. पाठीवरचं ओझं उतरलं वगैरे म्हणतात तसं. पण तसं काही झालं नाही. तो धायरीला आला, भात लावला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरला.

चौथ्या शनिवारी सुरुची निळा कुडता घालून आली. त्याला नवा वाटला. ‘छान आहे,’ तो म्हणाला. ‘आईचा आहे,’ ती म्हणाली, ‘आता मला होतो.’ त्यांनी मस्कापाव मागवला, तिने आज पूर्ण खाल्ला. मग नेहमीसारखे खेळले. पाऊण वाजता त्याने नवी लढत सुरू केली आणि भोवरा टाकला. काटेकोर पाण्यात गरगरू लागला. सुरुची हनुवटी हातावर टेकवून बघत होती. पुढच्या फेरीत त्याने रावसाहेबांना माघारी बोलावलं आणि आपला एक किरकोळ प्राणी पुढे केला.

पाणी विरलं. सुरुचीने मान वर केली.

‘का काढलंस?’

‘असंच.’

‘तू कधी काढत नाहीस.’

‘म्हटलं, बघू काय होतं.’

ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने खांदे उडवले, काटेकोरला मागे घेतलं, वेलींचा प्राणी बाहेर आणला, आणि तीन फटक्यांत सगळं संपलं. एकला बारा मिनिटं होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे वेळ उरला होता आणि त्याचं काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिने टिश्यू पेपरची घडी केली, उलगडली. त्याने बरणीतली नानकटाई किती ताजी आहे असं मकसूदभाईंना विचारलं. ‘काल विचारलं असतंत तर ताजी म्हणालो असतो,’ ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

‘मी आज सही करतोय,’ सुदर्शन म्हणाला. ‘त्या कागदावर.’

टिश्यूची घडी थांबली.

‘अच्छा,’ ती म्हणाली.

‘जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत तुम्हाला जाता येईल. तिकडे आजी आहे. तुला आवडतं ना आजीकडे?’

‘हं. आवडतं.’

‘मग झालं तर.’

‘आईला आनंद होईल,’ सुरुची म्हणाली.

त्याने मान हलवली. तुला, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याला वाटलं, विचारलं तर ती पुन्हा समजूतदारपणे काहीतरी म्हणेल, आपल्याला सांभाळून घेईल, आणि ते त्याला आता नको होतं. प्रश्न विचारणं म्हणजेही दारात उभं राहणं, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं. म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसण्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. किती वेडा असतो माणूस. एवढीशी चांगली गोष्ट केली की तिच्या पलीकडचं दिसायचंच बंद होतं.

‘काटेकोर घेतोस?’ सुरुची म्हणाली. ‘अदलाबदल करू. मला रावसाहेब दे.’

‘तुझा लाडका आहे तो.’

‘म्हणूनच.’

तिनेच दोन्ही कन्सोल घेऊन बटणं दाबली. पडद्यावर रावसाहेब एका गोळ्यात शिरून वर निघून गेले आणि दुसऱ्या गोळ्यातून काटेकोर खाली आला. ती उगाच त्याच्या कन्सोलचा पडदा कुडत्याच्या बाहीने पुसत राहिली. मग बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला; तनुजा आज जरा आधीच आली होती.

संमतीपत्र स्कूटरच्या सीटवर ठेवून त्याने सही केली. सीट इतकी तापलेली होती की कागद हाताला गरम लागला. तनुजाने पेन परत घेतलं आणि म्हणाली, ‘नीट वाचलंस ना?’

‘वाचलं.’

‘मला वाटलं नव्हतं,’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. तिने ते दुसरीकडे वळवले. ‘थँक्यू, सुदर्शन.’

तिने त्याला नावाने हाक मारून किती वर्षं झाली होती हे त्याला आठवेना. सुरुची मागे बसली. ‘येते बाबा,’ म्हणाली नाही. हेल्मेट घालता घालता राहून गेलं असेल असं त्याला वाटलं. स्कूटर कोपऱ्यावरून वळली तेव्हा एक वाजायलाही अजून दोन मिनिटं होती.

तो पुन्हा आत येऊन त्याच टेबलाशी बसला. बस लगेच पकडायची तर घरी जाऊन काय करायचं, हा प्रश्न होता. मकसूदभाईंनी न सांगता चहा आणून ठेवला. त्याने कन्सोल उघडला. काटेकोर पडद्यावर बसून पाय खाजवत होता. आपल्या प्राण्याची माहिती उघडून बघता येते. दुसऱ्याच्या प्राण्याची येत नाही, म्हणून काटेकोरची माहिती तो पहिल्यांदाच बघत होता. वजन, उंची, विद्या, स्वभाव: ‘लाजाळू’. शेवटी एक रकाना. प्रत्येक प्राणी आपल्याजवळ एखादी छोटी वस्तू बाळगू शकतो. एखादं फळ, एखादा दगड. काटेकोरजवळ एक इवलीशी कुपी होती. त्याने ती निवडली. नाव आलं, ‘तेलाची कुपी’. खाली दोन ओळी: ही जवळ असलेला प्राणी निसरडा होतो. कोणत्याही सापळ्यातून तो केव्हाही बाहेर पडू शकतो.

सुदर्शनने चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. मग फोन लावला. ती उचलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

‘हं.’

‘पोहोचलात?’

‘पोहोचलो.’

‘ही कुपी काटेकोरकडे कधीपासून आहे गं?’

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

‘पाहिलंस होय,’ ती म्हणाली. ‘आहे. पहिल्या महिन्यापासून. तू भोवरा टाकायला लागलास ना, तेव्हा शोधून काढली.’

‘म्हणजे तुला कधीही बाहेर पडता येत होतं.’

‘हो.’

‘आणि वेलींचा तो आणून दोन मिनिटांत संपवता येत होतं. एकच्या आत.’

‘येत होतं की. आज संपवलं.’

‘मग का नाही— मला सांगायचंस तरी.’

‘सांगितलं असतं तर तू भोवरा टाकायचा थांबला असतास,’ सुरुची म्हणाली.

मकसूदभाई काउंटरवर पाव बांधत होते. दोरा ओढून दाताने तोडत होते. सुदर्शन त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला ते दिसत नव्हते. अडीच महिने कागद दाबून ठेवला तेव्हा तो चुकत होता, हे त्याला ठाऊक होतं. आज सही केली तेव्हा आपण बरोबर आहोत असं त्याला वाटलं होतं. आणि या सगळ्यात त्याने एकदाही त्या मुलीला काही विचारलं नव्हतं. धरतानाही नाही, सोडतानाही नाही. त्याला रडू आलं. भर दुपारी, बेकरीत, मिशा असलेल्या माणसाला येतं तसं, आवाज न करता.

‘मी आईला म्हणाले होते, बाबा सही करणार नाहीत,’ ती म्हणाली. ‘पैज लावली होती.’

‘सुरुची, कागद अजून आईकडेच आहे ना? सोमवारपर्यंत कुठे जायचा नाही. मी परत मागू का? येऊ आत्ता? पायी दहा मिनिटांत येतो.’

ती बराच वेळ बोलली नाही. तो वाट बघत राहिला. न बोलणाऱ्या माणसाची वाट बघणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. ते त्याने आज केलं.

‘नको, बाबा,’ ती शेवटी म्हणाली. ‘आईने आल्या आल्या आजीला फोन केला. आजी रडते आहे. इतकी खूश झालीय. आता नको.’

‘बरं.’

‘तू काटेकोरला खेळवत जा मधूनमधून. नाही तर तो आळशी होतो.’

‘खेळवीन.’

‘ठेवू?’

‘लगेच नको ठेवूस,’ तो म्हणाला. ‘तुला चालणार असेल तर.’

‘नाही ठेवत,’ ती म्हणाली.

फोनमधून त्याला त्या घराचे आवाज ऐकू येत होते: नळ, कपाटाचं दार, कॉटवर कोणी बसल्यावर वाजते ती स्प्रिंग. तिला बहुधा बेकरीचे ऐकू येत असतील. मकसूदभाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पंख्याचं बटण एक घर पुढे केलं. पलीकडे तनुजाने हाक मारली.

‘बाबा, आई वाढतेय,’ सुरुची म्हणाली.

‘जा,’ तो म्हणाला, आणि तिने फोन ठेवेपर्यंत कानाशी धरून बसला.